फळीवरची बाटली

तिला मौनीबाई हे नाव मीच ठेवलं. कामावर आली त्या आठवड्यात मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" ती म्हणाली, "मुलगी." मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते वाक्य अजून यायचंय.

माझं नाव त्या खोलीत फौजदार होतं, आणि ते मला शोभायचं. मी त्या देशात सगळ्यांत आधी गेलेली, तिथली भाषा मोडकीतोडकी का होईना बोलणारी, आणि नाकावर राग घेऊन हिंडणारी. तिसरी होती रेडिओ. वयाने आमच्यात सगळ्यांत लहान, अंगाने काडी, आणि सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू. तिघी एकाच मुकादमाने आणलेल्या. शहराच्या कडेला हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुणारी एक मोठी लाँड्री होती, तिथे कामाला आणि तिच्याच मागच्या इमारतीत राहायला.

तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे मी ताणून धरलं असं नको व्हायला. मौनीबाईला एचआयव्ही होता. रोज एक गोळी घेतली तर ती तुमच्याआमच्यासारखी धडधाकट, आणि गोळी थांबली तर नाही. तिची सगळी गोष्ट त्या गोळीची आहे. मला ती बऱ्याच उशिरा कळली.

लाँड्रीत मी आणि मौनीबाई रोलरवर. रोलर म्हणजे माणसापेक्षा लांब, तापलेला लोखंडी दंडगोल. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, ताणायची आणि एकाच वेळी आत सरकवायची. पलीकडून ती कोरडी आणि इस्त्री होऊन बाहेर पडते. दोघींपैकी एकीने जरा जास्त ओढलं की चादर वाकडी जाते, चुणी पडते, आणि मुकादम आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. माझ्याबरोबर कुणी टिकत नव्हतं, कारण मी ओढते. मौनीबाई टिकली. मी ओढलं की ती तेवढंच सैल सोडायची. दिवसभर समोरासमोर उभं राहून आम्ही एक शब्द बोलायचो नाही आणि चादर सरळ जायची. मला ती आवडायची, खरं सांगायचं तर. बोलणारी माणसं मला सोसत नाहीत, मी स्वतः धरून.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. तो आजारी पडला, वर्षभर अंथरुणावर होता, गेला. मग हिचं रक्त तपासलं. सासरच्यांनी तिला दाराबाहेर उभं केलं आणि अंगणात तिची गादी जाळली. हे तिने मला बसथांब्यावर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "गादी चांगली होती." बस्स. एवढीच तिची त्या माणसांबद्दलची तक्रार.

मुलीला घेऊन ती आईकडे आली. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात, त्यामुळे जगण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता मुलीच्या कॉलेजचा. आईच्या घरात चहाची मारामार, तिथे कॉलेज कुठून येणार? म्हणून ही परदेशात निघाली. तंदुरुस्तीचा दाखला एजंटनेच आणून दिला, हिचं तोंडही न बघता. तिथे पोचल्यावर कुणी रक्त तपासलं नाही. पण कंपनीचा डॉक्टर होता, आणि त्याच्याकडे गेलेल्या बाईचा कागद आधी ऑफिसात जायचा. आमच्याआधी एकीला कावीळ झाली तर तिला आठवड्याच्या आत विमानात बसवलं होतं. कायदा काय म्हणत होता देव जाणे. आम्हाला कायदा माहीत नव्हता, कावीळवाली माहीत होती.

आता खोली. तीन पलंग, एक खिडकी, एक बेसिन. बेसिनच्या वर एक लाकडी फळी. चहा, साखर, साबण, बाम, सुईदोरा, डोकेदुखीची पट्टी, सगळं त्या फळीवर. फळीवरचं ते सगळ्यांचं, असा त्या खोलीचा नियम होता. कुणी केला होता माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कधीकाळी एकीने बिस्किटांचा पुडा बॅगेत घालून बॅगेला कुलूप लावलं होतं, तर बाकीच्यांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. शिवाय मुकादमाला बॅगा तपासायची खोड. कुलूप दिसलं की त्याचे कान टवकारायचे.

मौनीबाईने विचार केला तो असा: लपवलेली वस्तू माणसं हुडकतात, उघड्यावरची कोण बघतं? तिने व्हिटॅमिनची एक रिकामी बाटली मिळवली, त्यात स्वतःच्या गोळ्या भरल्या आणि ती सरळ फळीवर ठेवली, साखरेच्या डब्याशेजारी. मुकादमाने दोनदा बघितली, दोनदा परत ठेवली. बाई हुशार. पण कुलपाचा विचार करता करता ती फळीचा नियम विसरली.

गोळ्या संपत आल्या की आई दवाखान्यातून आणायची आणि आमच्याकडून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात घालून पाठवायची. मूळच्या पाकिटांतून काढलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. असं बरेच दिवस चाललं.

एका सकाळी चहा पिताना रेडिओ सुरू झाली. "ताई, काय स्वप्न पडलंय म्हणून सांगू! आमच्या शाळेच्या गच्चीवर हत्ती. निळा! आणि माझी आजी त्याला पुस्तक वाचून दाखवतेय. इतकं स्पष्ट, की मला आजीच्या चष्म्याची काडी मोडलेलीसुद्धा दिसली."

मी म्हटलं, "रात्रीचं कमी जेवत जा."

दुसऱ्या दिवशी आजी बस चालवत होती. तिसऱ्या दिवशी रेडिओचं लग्न समुद्राच्या तळाशी लागत होतं आणि अक्षता वर वर तरंगत होत्या. मला त्या स्वप्नांचा वैताग आला होता. मौनीबाई मात्र कप हातात धरून तिच्याकडे बघत राहायची. मला वाटलं, हिला ऐकायला आवडतंय.

तिला कळलं होतं. त्या गोळ्यांनी पहिल्यांदा तशीच स्वप्नं पडतात. कुणाची पुढे थांबतात, हिची कधी थांबली नव्हती. रेडिओला वाटलं होतं, ही ताई रोज झोपताना शक्तीची गोळी घेते आणि दिवसभर रोलरवर उभी राहते, मग आपणही घ्यावी. फळीवरची तर होती. विचारायचं काय त्यात? साखर घेताना कोण विचारतं?

आणि मौनीबाई काही बोलली नाही. बोलणार काय? "माझ्या गोळ्यांना हात लावू नकोस" म्हटलं असतं तर "का गं ताई?" आलं असतं. व्हिटॅमिनसारख्या वस्तूवरून एवढं मन कोतं का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि रेडिओच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत धुण्याच्या विभागात, ड्रायरच्या विभागात, मुकादमाच्या टेबलावर. बाटली दुसरीकडे हलवली तर तेच. तिने सोपा मार्ग काढला. ती स्वतः एक दिवसाआड घ्यायला लागली, म्हणजे बाटली दोघींना पुरेल.

मग आईचा फोन आला. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, पेशंटला घेऊन या, आता पेशंट बघितल्याशिवाय गोळ्या नाहीत.

त्या दिवशी आमची चादर वाकडी गेली. एकदा नाही, सारखी. मी ओढत होते आणि समोरून कुणी सैल सोडत नव्हतं. मुकादम ओरडून गेला. मी रोलरच्या आवाजावरून ओरडले, "काय झालंय तुला?"

ती म्हणाली, "मला औषधाच्या दुकानात यायला पाहिजे तुझ्याबरोबर. मला भाषा येत नाही."

सुट्टीच्या दिवशी निघालो. जाताना बसथांब्यावर तिने मला आजाराचं सांगितलं. गादीचंही तेव्हाच. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मलाच का सांगितलंस?"

"तू भांडकुदळ आहेस," ती म्हणाली. "भांडकुदळ माणसं तोंडावर बोलतात. मागे बोलायला त्यांच्याकडे काही उरत नाही."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बस आली, मी तिला पुढे चढवलं.

दुकानदाराला तिने हाताच्या मुठीतली गोळी दाखवली. त्याने ती चष्मा वर करून बघितली, किंमत सांगितली. आम्ही दोघींनी पगार घरी न पाठवता ओतला असता तरी भागली नसती. मी त्याच्याशी घासाघीस सुरू केली, कांदेबटाटे घेतल्यासारखी. तो माणूस तोंड बघत राहिला. मौनीबाई रडली नाही, काही नाही. तिने काउंटरवरची धूळ बोटाने पुसली, गोळी परत मुठीत घेतली आणि दाराकडे निघाली.

मग आणखी एका दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीने गोड हसून विम्याचं कार्ड मागितलं. कार्ड कंपनीकडे. मी तिला त्यांच्याच भाषेत दोन शब्द सुनावले, त्यातला एक बहुतेक चुकीचा होता. सरकारी इस्पितळाच्या दारापर्यंत गेलो आणि दारातला पहारेकरी राहण्याचं परमिट मागतोय, आणि तेही कंपनीकडे, हे बघून परत फिरलो. मौनीबाई माझ्यामागून चालत होती, बाजाराला आल्यासारखी. तिच्या जागी मी असते तर रस्त्यात फतकल मारून बसले असते. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी विचारलं, "तुला काही वाटतच नाही का गं?" ती म्हणाली, "वाटायचं ते सगळं एकदा वाटून झालंय. आता पायच दुखतात तेवढे."

त्या औषधाच्या दुकानावरून परत जाताना तो दुकानदार बाहेर आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, स्टेशनच्या मागे शिलाई मशीनचं दुकान आहे, त्याच्या माडीवर जा, तिथे कार्ड मागत नाहीत.

पुढच्या सुट्टीला गेलो. माडीवर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकावर माणसं बसलेली, सगळ्यांचे डोळे काचेच्या पेटीतल्या एकुलत्या एका माशावर. तो मासासुद्धा अवघडला असेल. आतल्या खोलीत नोकरीतून निवृत्त झालेली एक डॉक्टरबाई आणि तिच्या मदतीला पैलवानासारखा एक नर्स. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी येऊन हे फुकट करायची.

आजाराचं नाव तिथल्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी शब्द जुळवत बसले होते, तेवढ्यात मौनीबाई स्वतःच म्हणाली, "एचआयव्ही." डॉक्टरबाईने मान डोलावली. तेवढ्यासाठी कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

बाकीचं मी बोलले. नवरा गेला. मला मुलगी आहे. याआधीची गोळी मी परवा घेतली. मी तिचं बोलणं जसंच्या तसं 'मी, मी' करत सांगत होते, आणि त्या पैलवानाने माझाच दंड धरून पट्टा बांधला. सुई बघून मी जी किंचाळले, ती खाली शिलाई मशीनच्या दुकानात ऐकू गेली असेल. "मी नाही, ही! ही!" मौनीबाई हसली. हसली म्हणजे ओठ जरा हलले, पण मी समोर उभी राहून तो चेहरा इतके महिने बघितला होता, मला कळतं.

रक्त घेऊन झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाली, काही विचारायचं आहे का? मला वाटलं ही विचारेल, मी वाचेन का, मला परत पाठवतील का. तिने विचारलं, "ज्याला हा आजार नाही त्याने या गोळ्या खाल्ल्या तर काय होतं?"

तेव्हा मला रेडिओचं प्रकरण कळलं. निळा हत्ती कळला. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच म्हटलं, "त्या पोरीचं थोबाड फोडते मी." ती म्हणाली, "आधी विचार ना."

विचारलं. डॉक्टरबाई म्हणाली, एवढ्या दिवसांत तिला काही झालं नसेल, पण तिच्या गोळ्या आजच्या आज बंद करा. आणि मग तिने मौनीबाईकडे बोट केलं, आणि या बाईने मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. दिवसाआड घेणं म्हणजे आजाराला गोळीची ओळख करून देणं. ओळख झाली की तो तिला भीक घालत नाही.

तोवर पुरतील एवढ्या जुन्या गोळ्या देऊन तिने दोन आठवड्यांनी परत बोलावलं. रक्तात आजाराने डोकं वर काढलं होतं, पण फार नाही. जुनी गोळी आता चालेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून नवी दिली, चांगली, अलीकडची. पैसे घेतलेच नाहीत म्हटलं तरी चालेल इतके थोडे. दर महिन्याला स्वतः यायचं, आणि काही महिन्यांनी परत रक्त बघायचं. तेव्हा कळणार होतं की तिला राहता येईल, की परत घरी जावं लागेल आणि मुलीचं कॉलेज अर्धवट सुटेल.

"ही गोळी जास्त चांगली आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "जुन्या गोळीसारखा स्वप्नांचा त्रास हिने होत नाही."

मी ते खूश होऊन सांगितलं.

मौनीबाईने विचारलं, "अजिबात नाही?"

मी तिच्या वतीने विचारलं. डॉक्टरबाई हसून म्हणाली, "अजिबात नाही." तिला वाटलं, बाई सुटली एका कटकटीतून. मलाही तेच वाटलं.

परतताना बसमध्ये ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, "त्या गोळीने रोज मुलगी दिसायची. चार-पाच वर्षांची. न्हाऊन दारात उभी, केस ओले. मी टॉवेल घेऊन उठायची. रोज तेच. दिवसाआड घ्यायला लागले तेव्हा दिवसाआड यायला लागली." थांबा जवळ आला तेव्हा म्हणाली, "गोळ्या गेल्याचं एवढं वाईट वाटलं नाही. माझी स्वप्नं ती पोरगी बघत होती, आणि तिला हत्ती दिसत होते."

मी रागीट बाई आहे. मला वाईट वाटलं की मी कुणावर तरी ओरडते. त्या बसमध्ये ओरडायला कुणी नव्हतं.

नव्या गोळ्या माझ्या बॅगेत राहायला लागल्या. खाली, स्वेटरच्या बाहीत. माझ्या बॅगेला हात लावायची मुकादमाचीसुद्धा हिंमत नव्हती, एकदा लावून त्याने ऐकून घेतलं होतं. रोज जेवणानंतर मी भांडी विसळताना तिच्या तळहातावर गोळी ठेवायची. तीही विसळत असल्यासारखी हात पुढे करायची. रेडिओचं थोबाड मी फोडलं नाही. फोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मौनीबाईने डॉक्टरबाईकडे पहिल्यांदा गेलो त्याच दिवशी खरी व्हिटॅमिनं विकत आणली आणि त्या बाटलीत भरून बाटली साखरेच्या डब्याशेजारी होती तशी ठेवली. म्हणजे व्हिटॅमिनच्या बाटलीत शेवटी व्हिटॅमिन आलं, आणि तेही त्या कवडीचुंबक बाईच्या पैशांनी, जी स्वतःला चप्पल घेताना दहा वेळा विचार करायची.

रोलर चालू होता. चादरी सरळ जात होत्या.

काही महिन्यांनी रक्ताचा निकाल आला. डॉक्टरबाईने टेबलावर हात आपटला आणि उठून तिला मिठी मारली. आजार झोपला होता. गोळी चालू राहील तोवर झोपून राहणार होता. मौनीबाई मिठीत तशीच उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना. त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला आणि विचारलं, "परीक्षेची फी कधी भरायची आहे?" मुलीने काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "भर," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी चहाला बसलो होतो. रेडिओ गप्प होती, म्हणून मीच विचारलं, काय गं, तब्येत बरी आहे ना? ती कप खाली ठेवून मौनीबाईला म्हणाली, "ताई, या तुझ्या गोळ्या बदलल्यात का? आधीच्या चांगल्या होत्या. यांच्यात काही दम नाही. किती दिवस झाले, एक स्वप्न पडलं नाही मला. आजी नाही, हत्ती नाही, काही नाही."

मी मौनीबाईकडे बघितलं. ती साखर ढवळत होती. चमचा थांबला.

"मलाही नाही पडत," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली.